स्लॅबच्या दिवशीची पंगत

आप्पा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, आणि तेही भांडायला लिहितेय. तुम्ही असतात तर समोर बसून भांडले असते, असं म्हणायला सोपं आहे. तुमच्याशी भांडणं कुणाला जमलंच नाही कधी. तुम्ही आवाज चढवायचा नाहीत, मिशीतल्या मिशीत हसायचात आणि म्हणायचात, "पोरगी तापलीय, तिला जरा सरबत द्या." मग ते सरबत करायला आईच उठायची. आता तुम्ही नाही, सरबत नाही, त्यामुळं शेवटपर्यंत ऐकून घ्या.

घरात काम काढलंय. आपलं घर पाडून बिल्डरनं जी बिल्डिंग उभी केली, तिच्यातल्या आपल्या वाट्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई राहतो. ताथवडं तुम्हाला आता ओळखू येणार नाही. आपली ज्वारी उभी असायची तिथं हल्ली कॉलेजची पोरं मोमो खात उभी असतात. सिंकखालून पाणी झिरपून खालच्यांच्या छताला ओल आली, तेव्हा ओटा फोडून सगळं नव्यानं करण्यावाचून इलाज राहिला नाही. चाकणच्या कंपनीतून मी रजा टाकली. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला लिफ्टपाशी गाठलं. म्हणाल्या, "कामवाल्यांना फार तोंडाशी लावू नका हं. पाण्याची बाटली दाराबाहेर ठेवायची. आणि बाथरूम तर अजिबात नाही, खाली वॉचमनचं आहे ना." मी म्हटलं, "ताई, तुम्ही ऑफिसला जाता तेव्हा तिथंही खाली वॉचमनचंच वापरता का?" त्या दिवसापासून बाई माझ्याशी बोलत नाहीत. हे वाचून तुम्ही मांडीवर थाप मारली असती, शाब्बास म्हणाला असतात. थांबा. एवढ्यात खूश होऊ नका.

माझी रीत साधी आहे. माणूस कामाला आला की त्याला आधी पाणी द्यायचं, पंखा लावायचा, बाथरूम कुठं आहे ते आढेवेढे न घेता दाखवायचं. चहा मी करते आणि कपही मीच विसळते. ते डबे आणतात, त्यांना हॉलमध्ये टेबलाशी बसायला सांगते आणि तिथून बाजूला होते, म्हणजे त्यांना चार घास निवांत खाता येतात. ज्याला माणुसकी दाखवायची हौस आहे त्यानं ती स्वतःच्या हातानं दाखवावी, एवढंच माझं म्हणणं आहे. दुसऱ्याच्या हातानं साप मारायला सगळेच शूर असतात.

पण आईला हे पटेल तर शपथ. गॅस बाल्कनीत हलवला तशी तिनं स्टूल ओढलं, टेबलावर परात घेतली आणि भाकऱ्या थापायला बसली. तिचे गुडघे म्हणजे नुसते नावाला उरलेत, स्टुलावरून उठताना तिला कठड्याचा आधार लागतो. मी ओरडले, "आई, त्यांचे डबे आहेत!" तर म्हणाली, "असूंदे. डबा काय, पहाटंचा गार. कामाचं माणूस घरातनं उपाशी जाऊ नये." हे वाक्य तिचं नाही, तुमचं आहे. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली तरी ते तिच्या तोंडातून तुमच्याच सुरात येतं, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पंचक्रोशीत तुमचं नाव होतं, हे मला मान्य आहे. आप्पांच्या घरी काम म्हणजे लग्नाला गेल्यासारखं, असं गवंडी, सुतार, वायरमन सगळे म्हणायचे. तुम्ही ओसरीवर त्यांच्यात बसायचात. कुणाची जातपात विचारली नाहीत, कुणाला वेगळा कप दिला नाहीत, हेही खरं आहे. त्या काळात गावात हे करणारे फार नव्हते. पण ओसरीवरून आत एकच हाक यायची, "अगं, चहा टाक!" दूध आहे का, सरपण आहे का, तिचं अंग दुखतंय का, हे कधी विचारलंत? माणसं जेवून उठली की आम्ही आत पातेलं खरवडायला बसायचो. रस्सा उरायचा, फोडी नाही. घर बांधून झालं तेव्हा वास्तुशांतीला तुम्ही मिस्त्र्यांना फेट्यापासून चपलेपर्यंत पोशाख केलात. आईला ब्लाउजपीस मिळालं, तेही कुणीतरी आहेरात आणलेलं.

एकदा तुम्ही मलाही झापलं होतंत. माझी दहावी चालू होती. वायरमनला चहा द्यायला मला उशीर झाला, म्हणून मी दारातूनच ट्रे पुढं केला आणि परत पुस्तकाकडं वळले. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "माणसं कामाला आलीत, भिकेला नाही. हातात कप द्यायला हात झिजतात का?" वाक्य बरोबर होतं, आप्पा. अजूनही बरोबर आहे. फक्त ते बोलताना तुम्ही पाटावर बसला होतात आणि तुमच्यासमोरचा रिकामा कपही मीच उचलायचा होता.

आता स्लॅबच्या दिवसाकडं येते. तुम्हाला वाटलं असेल मी तिथं येणारच नाही.

जुन्या घरावर मजला चढवायचा होता. मी तेव्हा शाळेत जात होते, पण त्या दिवशी मला घरी ठेवलेलं, आईच्या हाताखाली. आपल्याकडं स्लॅब पडतो त्या दिवशी सगळ्या माणसांना मालकानं जेवण घालायचं असतं, आणि तुम्ही बोकड कापला होता. अंगणात चूल मांडलीय, काँक्रीटच्या मिक्सरच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, माणसांची रांग घमेली वर पोचवतेय. आई आणि चुलती पहाटेपासून भाकऱ्या थापतायत. आईचा चेहरा धुरानं लाल झालाय आणि ती मधेच पदरानं डोळे टिपतेय. पंगत बसते. तुम्ही उभे राहून आग्रह करताय, "वाढ गं, हात आखडू नको." ती वाकून वाढत पुढं पुढं जातेय. पंगतीच्या टोकाला डोक्याला तांबडा रुमाल बांधलेला एक माणूस आहे, तो नको नको म्हणतोय. आईला वाटतं, फळ्या ठोकणाऱ्या सेंट्रिंगवाल्यांच्यातला कुणी नवा असेल, लाजतोय. ती त्याच्या ताटात भाकरी घालते आणि म्हणते, "लाजायचं न्हाई, घर तुमचंच हाय."

दिवेलागणीला चुलतमामा सायकल मारत आला. चऱ्होलीची आजी गेली होती. दुपारीच गेली, आणि वाट बघून बघून शेवटी ऊन असतानाच तिला नेलं. आई चऱ्होलीला माहेरी पोचली तेव्हा लोक नदीवरून परत येऊन हातपाय धूत होते. तिला तिच्या आईचं तोंड दिसलं नाही.

आजीचे दिवस झाल्यावर भांडण पेटलं. मामा म्हणाले, "आई अत्यवस्थ झाली तसा सकाळीच निरोप धाडला होता. मंडईला निघालेल्या भाजीच्या टेम्पोवाल्याला गाठून पत्ता समजावला, ताथवड्याला वळसा घालून जा म्हणून हात जोडले." आई म्हणाली, "तुला घरातलं माणूस मिळालं न्हाई धाडायला? आईच्या मरणाचा सांगावा परक्या टेम्पोवाल्यापाशी?" आणि तुम्ही तिथंच खांबाला टेकून उभे होतात, आप्पा. मला तुमची टोपी आठवते, तुम्ही ती काढून हातात धरली होती. तुम्ही म्हणालात, "कुठला टेम्पोवाला? आमच्याकडं कुणी आलं नाही." आईनं तुमच्यावर विश्वास ठेवला. मामांचं म्हणणं एकच, धाडला होता, धाडला होता. आईचं म्हणणं, खोटं बोलतोस, जमिनीत वाटा द्यावा लागू नये म्हणून मला लांब ठेवलंस. अशा गोष्टी एकदा तोंडातून गेल्या की परत येत नाहीत. तिचं माहेर त्या दिवशी तुटलं. ना राखी, ना भाऊबीज. तुम्ही गेलात तेव्हा मामा मातीलासुद्धा आले नाहीत, आणि आई म्हणाली, "बघ, कसं काळीज हाय."

यावेळी टाइल्सचं काम ज्यांना दिलं ते मिस्त्री तुमच्या वेळचेच निघाले. लातूरकडचे, पण जन्म इथं गेला. त्या स्लॅबला ते नुकते मिस्त्री झालेले होते. आता केस पांढरे झालेत, सोबत पुतण्या असतो. आईला बघून त्यांनी पाया पडायला वाकायचं तेवढं बाकी ठेवलं. "आप्पांचं घर! मी या घराचं मीठ खाल्लंय, वहिनी," म्हणाले. आईला कोण आनंद झाला! त्या दिवशी भाकऱ्या आणखी पातळ आल्या.

परवा दुपारी दोघं जेवायला बसले होते. आई त्यांच्याशेजारी खुर्ची घेऊन, मांडीवर भाकऱ्यांची टोपली. मी पाणी ओतत होते. मिस्त्री पुतण्याला सांगायला लागले, "आरं, आजकालची लोकं पाणी द्यायला कुरकुरतात. आप्पा म्हणजे देवमाणूस होता. ह्यांच्या स्लॅबला वहिनींच्या आईचा सांगावा घेऊन टेम्पोवाला आला. मी वाळूच्या ढिगापाशी आप्पांच्या बाजूलाच उभा. आप्पा म्हणाले, आत्ता सांगितलं तर चूल इझंल, माणसं उपाशी राहतील. जेवू देत सगळ्यांना, मग सांगू. आणि त्या टेम्पोवाल्यालासुद्धा हाताला धरून पंगतीला बसवला, तसा जाऊ दिला न्हाई. घरात असं संकट आणि माणूस आमच्या पोटाचा इचार करतोय! हाय का आज कुणी असा?"

त्यांनी हे कौतुक म्हणून सांगितलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

आई म्हणाली, "तांबड्या रुमालाचा?"

"व्हय, त्योच. तुम्हीच वाढलं की त्याला. तुमच्याकडं बघतच नव्हता बिचारा."

पुढची भाकरी आईच्या हातात होती. ती तिनं परत टोपलीत ठेवली. मिस्त्रींनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्यांचा घास तोंडापाशीच थांबला. "वहिनींना ठाऊक नव्हतं?" असं त्यांनी मला अगदी हळू विचारलं. आई कशाचाही आधार न घेता उठली, आत जाऊन लुगडं बदलून आली आणि म्हणाली, "रिक्षा बोलव. चऱ्होलीला जायचंय." कामाची माणसं ताटावर सोडून घराबाहेर पडायची तिची आयुष्यातली ती पहिली वेळ. टोपली खुर्चीवर तशीच राहिली.

रिक्षात मी तुम्हाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आईला ऐकू जावं म्हणूनच बोलत होते. जेवण झाल्यावर तरी सांगायचं होतंत! पण जेवण झाल्यावर चहा होता, चहानंतर वरच्या माणसांची दुसरी पंगत होती, आणि तोवर सांगायची वेळ टळून गेली असणार. मग तुम्हाला भीती वाटली असेल. एवढं मी समजू शकते, मीसुद्धा माणूसच आहे. पण खांबाला टेकून "कुणी आलं नाही" म्हणालात, ते कुठल्या पंगतीसाठी? भाऊ-बहीण एकमेकांना शिव्याशाप देतायत आणि तुम्ही आपले टोपी चाचपताय. एक शब्द टाकला असतात तर तिचं माहेर राहिलं असतं. तुमचं नाव गेलं असतं, एवढंच ना? परक्या माणसाच्या पोटाची काळजी वाहणारे तुम्ही, स्वतःच्या बायकोच्या काळजाला हात लावायला तुम्हाला सवड झाली नाही. लाज वाटते मला, तुमची मुलगी म्हणून मिरवायची.

चऱ्होलीच्या मामांच्या घरापुढं आता टॉवर उभे राहतायत, पण घर तेच आहे. मामा दारात खुर्ची टाकून बसले होते, खूप थकलेत. त्यांनी तिला लांबूनच ओळखलं, पण उठले नाहीत. सुनेनं पाणी आणलं, आईनं तांब्या हातात धरला आणि प्यायली नाही.

"दादा," ती म्हणाली, "टेम्पोवाला आला होता. तुझं खरं होतं."

मामांनी सुनेला आत जायला खुणावलं. मग म्हणाले, "आई दाराकडं बघत होती शेवटपर्यंत. ती आली का, ती आली का, हेच चाललं होतं. तुला सांगायचं राहून गेलतं." आईनं मान खाली घातली. मामांनी विचारलं, "मग दाजी का न्हाई म्हणालं?"

मला वाटलं, आता सुटणार सगळं. आता एकदाचा तुमचा निकाल लागणार.

आई म्हणाली, "यांना ठावंच नव्हतं. टेम्पोवाल्यानं गवंड्यापाशी सांगितलं नि जेवून गेला. गवंडी इसरला कामाच्या गडबडीत. आज त्यानंच कबूल केलं."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय गं?"

आणि मी म्हणाले, "व्हय, मामा."

मग मामांनी हात जोडले. वर बघून म्हणाले, "दाजी, माफ करा. लई शिव्या घातल्या तुम्हाला. तुमच्या मातीलाबी आलो न्हाई." आणि त्या गवंड्याचं वाटोळं होवो असंही म्हणाले. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि दोघं गळ्यात पडून अशी रडली की सून घाबरून बाहेर आली. रडणं खरं होतं. पण ते हात तुम्हाला जोडलेले होते, आणि मी ते बघत उभी होते.

परतताना मी आईला विचारलं, "का वाचवलंस त्यांना?" ती म्हणाली, "त्यांना कशाला वाचवू मी? दादाला काय सांगू, जन्मभर कुणाच्या घरात राहिले ते?" तुम्हाला याचं उत्तर सुचत असेल तर ठेवा तुमच्याजवळच.

आज मिस्त्री टाइल्सच्या फटी भरायला आले. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, आज जेवायचं न्हाई माझं." आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, गुडघे धरत बाल्कनीत गेली आणि परात ओढली. मी तिला अडवलं नाही. मी त्यांना वाढलं, माझ्या हातानं, आणि सारखी ताटाकडंच बघत राहिले. त्या तांबड्या रुमालाच्या माणसाला वर बघता का आलं नाही, ते मला आज कळलं.

हात धुताना मिस्त्री माझ्यापाशी आले. म्हणाले, "ताई, तवा माझी आप्पांपुढं बोलायची छाती झाली न्हाई, आणि परवा नको ते बोलून बसलो. वहिनींचं माहेर तुटल्याचं ऐकून होतो, ते कशापायी हे परवा उमगलं. वहिनींच्या भावाला माझ्यावानी साक्षीदार मिळाला असता तर बरं झालं असतं. मला घेऊन चला चऱ्होलीला. मी सांगतो त्यांना समोर बसून, काय झालं ते. तेवढं तरी फेडू द्या मला ह्या घरचं."

मी म्हणाले, "राहू द्या, मिस्त्री. मामांना आता ऐकू येत नाही."

त्यांनी मान हलवली आणि परत कामाला लागले. फटी नीट भरल्यात, आता पाणी झिरपणार नाही म्हणतात. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे, पण तुम्हाला एवढी नावं ठेवलीत, तर हेही लिहिलं पाहिजे: मामांचे कान अजून चांगले शाबूत आहेत.